पावणेदहाचं पाणी

डोंबिवली पूर्व,
१६ नोव्हेंबर २०२५

प्रिय सौमित्र,

पाकिटावरचं अक्षर ओळखलं असशील तर उत्तम, नसशील तर आधी शेवटच्या पानावरची सही बघून ये, मी थांबते. दर दिवाळीला तू मला पणतीचं एक चित्र पाठवतोस आणि मी तुला दुसऱ्या पणतीचं चित्र पाठवते, एवढंच आपलं गेल्या कित्येक वर्षांतलं बोलणं. त्यात एकदम हे जाडजूड पत्र बडोद्याला येऊन पडलं की तू दचकशील, हे मला माहीत आहे. पण मोबाईलवर लिहिलं असतं तर तू अंगठा दाखवून मोकळा झाला असतास. फोन करावा म्हटलं, तर मला जे सांगायचंय ते माझं मलाच नीट कळलेलं नाही. कागदावर निदान खोडता तरी येतं. खाडाखोड पुष्कळ आहे, सांभाळून घे.

झालं असं, की गणपती झाल्यावर उत्तम घरी आला. तोच आपला उत्तम, नावेत माझ्यापासून सगळ्यात लांब बसणारा, माझा आवाज ऐकू येत नाही अशी ज्याची कायमची तक्रार असायची. आता तो मंडळाचा अध्यक्ष आहे, केस काळेभोर करतो आणि चालताना अजून छाती पुढे काढतो. म्हणाला, रेतीबंदर नौका मंडळाला पन्नास वर्षं झाली, जानेवारीत समारंभ आहे, स्मरणिका काढतोय आणि त्यात मंडळाचा इतिहास तू लिहायचास. मी म्हटलं, मीच का? तर म्हणाला, "अगं, तू मास्तरीण. आणि नावेत पुढे बघणारी तू एकटीच होतीस, आम्ही सगळे पाठमोरे." आपण मोठाच विनोद केला असं त्याला वाटलं. मीही हसले, हो म्हटलं, चहा टाकला. त्या दिवसापासून माझ्या डोक्याचा नुसता भुगा झालाय.

आधी वाटलं, सोपं आहे. चौतीस वर्षं ज्युनिअर कॉलेजात भूगोल शिकवला, दोन वर्षांपूर्वी निवृत्त झाले, हाताशी वेळच वेळ आहे. पण पहिलंच वाक्य अडलं. मंडळ स्थापन कधी झालं? उत्तम म्हणतो पंचाहत्तर. ठाकुर्लीचा हरिहर, जो आपल्या नावेत दोन नंबरला बसायचा आणि आता दोन्ही गुडघे बदलून घरात काठी टेकत फिरतो, तो शपथेवर सांगतो की शहात्तर, कारण नाव आणायला ट्रक गेला त्या दिवशी त्याच्या बहिणीचं लग्न होतं आणि त्याला जाता आलं नाही. आणि मंडळ काढणाऱ्या आपल्या अण्णांच्या मुलीने मला एक फोटो दिला, त्याच्या मागे खुद्द अण्णांच्या अक्षरात चौऱ्याहत्तर लिहिलंय. म्हणजे मंडळाची पन्नास वर्षं गेल्याच वर्षी होऊन गेली, किंवा यंदा झाली, किंवा अजून व्हायचीच आहेत. उत्तमला हे सांगितलं तर म्हणाला, "हॉल बुक झालाय, पंचाहत्तरच लिही."

नाव कशी आली यावर मात्र सगळ्यांचं एकमत आहे, तेही बेताचंच. टेलिफोन खात्यातले आपले अण्णा पुण्याला बदलीवर असताना तिथल्या मुलांच्या शर्यती बघून वेडे झाले आणि एका कॉलेजने मोडीत काढलेली चौघांची नाव त्यांनी पदरात पाडून घेतली. ट्रकवरून आणताना ती चाळीस फुटी नाव शीळफाट्याच्या वळणावर आडवी अडकली आणि दोन्ही बाजूंची वाहनं दोन तास खोळंबली. हरिहरच्या मते चार तास. हरिहर तिथे नव्हता, हे वर सांगितलंच. मी तीन तास लिहिलंय.

पण अण्णांना पाण्यातलं काही कळत नव्हतं, धड पोहताही येत नव्हतं. म्हणून त्यांनी मोठागावच्या चांगदेवकाकांना गाठलं. हे सगळं तुला ठाऊक आहे, पण स्मरणिकेत लिहीन तसंच इथे लिहून बघते, म्हणजे कदाचित मला तरी उमगेल. चांगदेवकाका आगरी, रेतीच्या होडीवर उभं राहून बांबू मारण्यात त्यांची हयात गेलेली. आपली लांबलचक बारीक नाव आणि त्यात उलटी बसलेली ऑफिसातली पोरं बघून ते पहिल्या दिवशी म्हणाले होते, "जायचं तिकडं पाठ करून कोन बसतं?" आणि मग पुढची तेरा वर्षं त्यांनी डोंबिवलीच्या कारकुनांना, मास्तरांना, बँकवाल्यांना वल्हं धरायला शिकवलं. सकाळी शेडमध्ये मिळणारा कपभर चहा सोडला तर त्यांनी कधी काही घेतलं नाही.

खाडीला आपल्या ऑफिसच्या वेळा कळत नाहीत. भरती असेल तेव्हाच सराव, एरवी गुडघाभर चिखल. आणि भरती कधी, ते चांगदेवकाका बोटांवर मोजून सांगायचे. तिथी घ्यायची, तिची पाऊणपट करायची, तेवढ्या वाजता मुंबईला पाणी भरतं. त्यात आपल्या खाडीचा दीड तास मिळवायचा. अष्टमीचे सहा, म्हणून आपल्याकडे साडेसात. त्यामुळे शेडच्या दारावरच्या फळ्यावर घड्याळाची वेळ कधी नसायचीच. नुसतं "उद्या नवमी" एवढं लिहिलेलं असायचं आणि सगळ्यांनी त्यावरून समजून यायचं. उत्तमच्या साहेबांना तर वाटायचं की हा मुलगा फार धार्मिक आहे, सारखा तिथ्या बघून कामावर उशिरा येतो. उत्तमने त्यांचा गैरसमज कधी दूर केला नाही.

मी आले शहाऐंशी साली. अण्णांना वजनाने हलकी आणि आवाजाने जड अशी कॉक्स हवी होती, आणि या दोन्ही गोष्टींत तेव्हा मला तोड नव्हती. आता पहिली गोष्ट राहिलेली नाही. मुलगी घेतली म्हणून तिघांनी मंडळ सोडलं, अण्णांनी त्यांना खुशाल जाऊ दिलं. कॉक्सने नावेच्या मागच्या टोकाला बसायचं, सुकाणूच्या दोऱ्या दोन्ही हातांत धरायच्या आणि ओरडून ताल द्यायचा. चौघे वल्हेकरी पाठमोरे. जिकडे जायचं ते त्यांना दिसत नाही, दिसतं ते मागे पडलेलं पाणी. पुढचं बघायचं ते फक्त कॉक्सने. आणि कॉक्सच्या अगदी समोर, गुडघ्याला गुडघा लागेल इतक्या जवळ, तिच्याकडे तोंड करून तो वल्हेकरी बसतो ज्याच्या तालावर बाकीचे ओढतात. तो तू होतास. दोन वर्षं, आठवड्यातून चार दिवस, माझ्यासमोर तुझा चेहरा होता. इतका वेळ तर मी पुढे साईनाथच्या चेहऱ्याकडेही सलग बघितलेलं नाही, आणि आमच्या लग्नाला चौतीस वर्षं झाली.

आता त्या शर्यतीचं. अठ्ठ्याऐंशी सालचा फेब्रुवारी, शेवटचा रविवार. कल्याणच्या संघाशी आपली पहिली जाहीर शर्यत. वरून कुंभारखाणपाड्यापासून निघायचं आणि रेतीबंदराला पोचायचं. आपल्या काठालगत एक जुना लाकडी खांब होता, होड्या बांधायचा. त्या खांबाबद्दल चांगदेवकाकांचा एकच नियम होता, वरून येताना तो डाव्या हाताला ठेवायचा. डाव्या हाताला राहिला तर खोल पाणी, उजव्या हाताला गेला तर ऐन भरतीतही गाळ. शर्यतीची वेळ त्यांनीच दिली होती, पावणेदहा. काठावर तीनेकशे माणसं, बँडवाले, नगरसेवक, माझी आईसुद्धा. शेवटचे दोनशे मीटर राहिले तेव्हा आपण एका नावेने पुढे होतो. आणि मग नाव अशी थांबली की हरिहरच्या हातातलं वल्हं त्याच्याच पोटात बसलं. कल्याणवाले बाजूने निघून गेले. आपण पाच जण, मांड्यांपर्यंत चिखलात, तीनशे माणसांच्या देखत चालत काठावर आलो. आई घरी गेली होती.

उत्तमने मला इतिहासाचे मुद्दे टाइप करून दिलेत. बारावा मुद्दा असा आहे, "१९८८ ची शर्यत: स्थानिक मार्गदर्शक चांगदेव यांनी भरतीची वेळ चुकीची सांगितल्यामुळे निसटता पराभव." सौमित्र, हे एक वाक्य मला लिहिता येत नाहीये. बाकी सगळा इतिहास लिहून झाला, पुढच्या वीस पदकांची यादीसुद्धा झाली, पण या वाक्यापाशी आले की हात थांबतो. महिनाअखेर मजकूर छापखान्यात जायचा आहे आणि उत्तम रोज सकाळी मला गुड मॉर्निंगच्या फुलाखाली "झालं का?" असं विचारतो.

त्या संध्याकाळची शेडमधली सभा तुला आठवत असेलच. उत्तमने भिंतीवरची दिनदर्शिका काढून टेबलावर पसरली. त्या आठवड्यात दशमी दोनदा आली होती, शनिवारीही दशमी आणि रविवारीही दशमी. चांगदेवकाकांनी आपले बोटांवर दिवस मोजले, शनिवारची दशमी तर रविवारची एकादशी असं धरलं आणि पावणेदहा सांगितले. उत्तमच्या हिशोबाने दशमीचं पाणी नऊलाच भरलं आणि आपण ओहोटीत नाव घातली. आपल्या शिकल्यासवरल्या सगळ्या मंडळींना ते किती पटकन पटलं! छापलेलं होतं ना. आपण खुर्च्यांवर बसलो होतो आणि ते दाराशी उभे होते. त्यांनी पुन्हा एकदा बोटं मोजून बघितली, आपल्या एकेकाच्या तोंडाकडे पाहिलं, शेडची किल्ली अण्णांसमोर ठेवली आणि निघून गेले. अण्णांनी इतिवृत्तात वेळ चुकल्याचा ठराव लिहून घेतला. मी काही बोलले नाही. तूही नाही.

तर मी ठरवलं, प्रत्येकाला विचारून खरं काय ते शोधायचं. तिथेच चुकलं. उत्तम म्हणतो नाव खांबाच्या बरीच अलीकडे रुतली. हरिहर म्हणतो तेव्हा तिथे खांब नव्हताच, तो नंतर रोवला. मी त्याला सत्त्याऐंशीचा फोटो दाखवला, ज्यात तो स्वतः त्या खांबाला टेकून उभा आहे, तर म्हणाला, हा वेगळा खांब. तीन नंबरवर बसणारा आपला गडी तर गेलाच बिचारा. शेवटी दोघंही एकच म्हणतात, आम्ही पाठमोरे होतो, दिसलं असेल तर तुलाच. आणि माझं म्हणशील तर मला तो खांब कधी डाव्या हाताला दिसतो, कधी उजव्या. भाजी निवडताना डावीकडे असतो, अंघोळीला गेले की उजवीकडे जातो. सदतीस वर्षं मी सगळ्यांना "पाणीच नव्हतं" असं सांगत आले, इतक्यांदा की आता ते आटलेलं पाणी माझ्या डोळ्यांसमोर उभं राहतं. जे मी पाहिलं ते कुठलं आणि जे सांगितलं ते कुठलं, हे मला वेगळं करता येईना. वेड लागेल असं वाटायला लागलं. साईनाथ म्हणाला, तू एकदा जागेवर जाऊन ये.

म्हणून मागच्या महिन्यात मोठागावला गेले. तुला आता ओळखू येणार नाही. माणकोलीचा पूल झाल्यापासून लोक गाडीने भर्रकन माजिवड्याला पोचतात आणि खाडीकडे कुणी मान वळवून बघत नाही. रेतीच्या होड्या गेल्या, खांबही गेला. आपली शेड आहे, तिला निळा रंग दिलाय. मी तिथे उभी राहून हात डावीकडे-उजवीकडे करत होते, तर एक मुलगी जवळ आली. तिला वाटलं मी रस्ता चुकले. ती चांगदेवकाकांची नात निघाली, संचिता नाव, रक्ततपासणीच्या लॅबमध्ये काम करते. मी कोण हे सांगितल्यावर तिचा चेहरा जरा बदलला. मग चालता चालता तिने सांगितलं ते असं, की त्या शर्यतीनंतर गावात एक थट्टाच सुरू झाली. काहीही वेळेवर झालं नाही की पोरं म्हणायची, "चांगदेवचं पानी." ज्या माणसाला विचारल्याशिवाय मोठागावातून होडी सुटत नव्हती, त्याला मग कुणी विचारेना. काही दिवसांनी त्यांनी स्वतःहूनच सांगणं बंद केलं. घरातसुद्धा. तिने आजोबांच्या तोंडून भरतीची वेळ कधी ऐकलेलीच नाही.

चांगदेवकाका आता अठ्ठ्याऐंशीचे आहेत. ओटीवर खाटेवर बसलेले होते, डोळे अधू झालेत, पण संचिताने नाव सांगताच त्यांनी मला ओळखलं. मी काही विचारायच्या आत त्यांनी दोन्ही हात जोडले. मला, सौमित्र! म्हणाले, "पोरी, माजा हिसाब चुकला त्या दिसा. तुमची नाव मी बसवली. मनात ठेवू नको." मी त्यांचे हात खाली केले, त्यांनी पुन्हा जोडले. मला तिथे रडूही आलं नाही, इतकी मी गोंधळून गेले. मी तिथे जाताना मनात धरून गेले होते की ते रागावतील, निदान घरात घेणार नाहीत. त्यांनी सदतीस वर्षांत आपल्या मंडळाचं म्हणणं स्वतःच खरं मानून टाकलं होतं. संचिताने चहा दिला, तो मी कसा प्यायले ते मला आठवत नाही.

घरी आल्यावर मी भाच्याच्या मागे लागले. तो जहाजांच्या कंपनीत आहे, आणि जुन्या कुठल्याही दिवसाची भरती म्हणे गणिताने काढून मिळते. त्याने पाच मिनिटांत काढून दिली. त्या रविवारी मुंबईची भरती सकाळी आठ वाजून दहा मिनिटांनी. त्यात आपल्या खाडीचा दीड तास मिळव. नऊ चाळीस. चांगदेवकाका पाच मिनिटांनी चुकले होते. पाणी होतं, सौमित्र, काठोकाठ होतं. आणि यात भाच्याची तरी काय गरज होती? चंद्र रोज साधारण पन्नास मिनिटं उशिरा उगवतो आणि भरतीही तेवढीच पुढे सरकते, हे मी चौतीस वर्षं दर जुलैत फळ्यावर लिहिलंय. छापणाऱ्याने दशमी दोनदा छापली म्हणून समुद्र एक दिवस थांबत नाही. दिवस मोजणारी ती बोटंच बरोबर होती. त्या सभेत बसले होते तेव्हा मी भूगोलातच एम. ए. करत होते! आणि कल्याणवाले? ते आपल्या शेजारून त्याच पाण्यातून निघून गेले. त्यांना पाणी होतं आणि आपल्याला नव्हतं? त्यांची बाजू खोल होती, असं कुणीतरी म्हणालं आणि आपण माना डोलावल्या. खांब डाव्या हाताला ठेवला असता तर आपलीही बाजू खोलच होती.

म्हणजे आता काहीच धरून ठेवायला उरलं नाही. पाणी होतं तर नाव रुतली ती एकाच कारणाने, मी खांब उजव्या हाताला घातला. आणि मी तो का घातला, हे मला कुणाला विचारायची गरज नाही. आदल्या दिवशी संध्याकाळी ठाकुर्ली स्टेशनच्या पुलावर तू मला सांगितलंस की बडोद्याची नोकरी मिळाली, एप्रिलात जायचंय. एवढंच सांगितलंस. मी वाट बघितली की तू पुढे काही विचारशील. तू म्हणालास, उद्या लवकर ये. मग रात्रभर मी विचार केला की हे सांगणं म्हणजे विचारणंच होतं का, की नुसतं सांगणं होतं, आणि सकाळी नावेत बसले तरी माझा तोच घोळ चालू होता. तोंडाने मी ताल देत होते, हातात दोऱ्या होत्या, आणि डोळे तुझ्या चेहऱ्यावर होते. हा आता तरी विचारेल का, याच्या डोळ्यांत काही आहे का, की नुसता दम लागलाय. मी पुढे बघतच नव्हते. खांब डावीकडे होता की उजवीकडे हे मला आठवत नाही, कारण मी तो पाहिलाच नव्हता.

तेव्हा का बोलले नाही? एक कारण सगळ्यांना सांगण्यासारखं आहे. मी मंडळातली पहिली मुलगी, मुलीने नाव रुतवली म्हटल्यावर दुसरी कुणी आत आली नसती. पुढे नव्वद साली मुलींचा संघ झाला, तो माझ्यामुळे झाला असं उत्तमने सातव्या मुद्द्यात लिहिलंय, आणि ते वाचून मला बरं वाटलं, हेही कबूल करते. दुसरं कारण हे, की मग लोकांनी विचारलं असतं, तू बघत कुठे होतीस? ते सांगायची माझी तयारी नव्हती. त्यापायी एका माणसाचं सगळं आयुष्य लाजेत गेलं. मला स्वतःची शरम वाटते, सौमित्र. साध्या शब्दांत एवढंच.

साईनाथला मी हे सगळं सांगितलं. तुझ्याबद्दल त्याला आधीपासून माहीत होतं, शर्यतीबद्दल नव्हतं. तो बराच वेळ गच्चीतल्या टोमॅटोंना पाणी घालत राहिला आणि मग म्हणाला, "आपल्याला सांगून काय उपयोग, त्यांना सांग." म्हणून गेल्या रविवारी पुन्हा मोठागावला गेले. भरतीचा कागद नेला, वाचून दाखवला. खांबाचं सांगितलं, माझी चूक होती म्हटलं, चारदा म्हटलं. त्यांनी शांतपणे ऐकलं आणि माझ्या डोक्यावर हात ठेवला. म्हणाले, "गुनाची पोर. म्हाताऱ्याला बरा वाटावा म्हनून बोलतस." कागदावर त्यांचा विश्वास नाही, एकदा छापील कागदानेच त्यांना खोटं पाडलं होतं. संचिता म्हणाली, त्यांना आता कुणी पाहणारा भेटला तरच पटेल.

म्हणून हे पत्र. एवढ्या सगळ्या घोळात एका गोष्टीबद्दल मात्र माझ्या मनात काडीचा गोंधळ नाही, ती आजवर मी कुणाला सांगितलेली नाही. "पाणीच नव्हतं" हे पहिल्यांदा कोण म्हणालं, ते उत्तमला आठवत नाही, हरिहरला आठवत नाही. ते तू म्हणालास. नाव थांबली, हरिहर अजून पोट धरून कण्हत होता, मागे वळून खांबाकडे कुणी बघायच्या आत तू माझ्याकडे बघत मोठ्याने म्हणालास, "पाणीच नाहीये." तू मला वाचवलंस, तेही न विचारता, आणि मी तेच तुझं उत्तर समजून इतकी वर्षं जपून ठेवलं. त्या वाक्याची किंमत चांगदेवकाकांनी मोजली. त्या नावेत पुढे बघायचं काम माझं एकटीचं होतं आणि मी कुठे बघतेय हे दिसणारा तू एकटा होतास, दुसरा साक्षीदार नाही. पुढच्या रविवारी मोठागावला ये. साईनाथही येतोय, तो म्हणतो मी बाहेर थांबेन, मी त्याला म्हटलंय, आमच्यातच बस. चांगदेवकाकांच्या समोर बसून त्यांना एवढंच सांग, की ही पुढे बघत नव्हती, माझ्याकडे बघत होती, मला ते दिसत होतं, आणि तरी मी खोटं बोललो. उत्तमचं वाक्य मी आजच खोडलंय, तू आलास काय, न आलास काय, स्मरणिकेत खरं तेच छापलं जाईल. पण चांगदेवकाका स्मरणिका वाचणार नाहीत. तू आला नाहीस, तर ते हात जोडलेलेच जातील.

तुझीच जुनी कॉक्स,
नीला